इंग्रजीतला 'बार': एका शब्दाचे एवढे अर्थ कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ह्या शब्दाचे अर्थ नक्की किती, आणि सगळे पाठ करावे लागतात का?

पाठ करायची अजिबात गरज नाही. डिक्शनरी उघडली की दारूचा बार, वकिलांचा बार, साबणाची वडी, तुरुंगाचे गज, गाण्यातला बार, हवेच्या दाबाचा बार, मोबाईलच्या रेंजचे बार अशी लांबलचक यादी समोर येते आणि वाचणारा गांगरतो, की ह्या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध तरी काय. पण दाबाचा बार बाजूला ठेवला (त्याची गोष्ट वेगळी आहे, खाली येईलच) तर बाकी जवळपास सगळे अर्थ एकाच चित्रातून निघालेत, ते म्हणजे आडवा टाकलेला दांडा. दार बंद केल्यावर आतून जो अडसर सरकवतात तो डोळ्यासमोर आणा, बस. त्या दांड्याकडे बघायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे ती सरळ, लांबट, घट्ट अशी वस्तू आहे, त्यातून सळई, वडी, पट्टी, रेघ हे सगळे अर्थ आले. दुसरी म्हणजे तो दांडा वाट अडवतो, अलीकडचं आणि पलीकडचं वेगळं करतो, त्यातून कोर्टाचा कठडा, दुकानाचं काउंटर, बंदी, मनाई हे अर्थ आले.

आणि मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये, कारण आपल्या 'अडसर'चंही अगदी हेच झालंय की. आधी दाराचं लाकूड, मग कुठल्याही कामातला अडथळा.

शब्द मुळात आला कुठून?

जुन्या फ्रेंचमधून, त्याच्या मागे मध्ययुगीन लॅटिनमधला 'बार्रा'. इंग्रजीत हा 12 व्या शतकाच्या शेवटापासून सापडतो आणि तेव्हाही अर्थ दाराचा, फाटकाचा दांडा असाच होता. ह्याचं खानदान मोठं आहे. बॅरियर म्हणजे अडथळा, डिबार म्हणजे एखाद्याला परीक्षेतून किंवा कामातून बाद करणं, बॅरिस्टर म्हणजे वकील, आणि एम्बार्गो म्हणजे व्यापारबंदी, जो स्पॅनिशमार्गे इंग्रजीत आला. सगळीकडे तोच दांडा आडवा पडलेला दिसेल.

दारू मिळते त्या जागेला बार का म्हणतात?

कारण आधी बार म्हणजे ती जागा नव्हतीच, बार म्हणजे फक्त काउंटर. पूर्वी इंग्लंडमधल्या खानावळींमध्ये, दारूच्या गुत्त्यांमध्ये माल एका बाजूला ठेवलेला असायचा आणि गिऱ्हाईक दुसऱ्या बाजूला, मध्ये आडवी फळी किंवा कठडा. 16 व्या शतकाच्या शेवटाकडे त्या काउंटरला बार म्हणायला लागले, मग काउंटर असलेल्या खोलीला, मग अख्ख्या दुकानालाच. वस्तूचं नाव जागेला चिकटणं हे सगळ्याच भाषांत होतं.

म्हणूनच इंग्रजीत बार म्हटलं की दारू असलीच पाहिजे असं नाही. कॉफी बार, ज्यूस बार, सॅलड बार, स्नॅक बार, ह्यात महत्त्वाचं काय तर काउंटर, जिथून समोर उभं राहून घ्यायचं. इटालियन लोकांनी हा 'बार' इंग्रजीतून उचलला, त्याला आपला '-इस्ता' प्रत्यय लावून 'बरिस्ता' केला, आणि मग तोच शब्द कॉफी करणारा माणूस ह्या अर्थाने इंग्रजीत परत आला. शब्दांचा असा जाऊन-येऊन प्रवास मला फार आवडतो.

मग वकिलांच्या 'बार'चा दारूच्या बारशी काही संबंध आहे का?

सख्खे भाऊ आहेत, पण एक दुसऱ्यातून निघालेला नाही. दोघांचा बाप तोच आडवा दांडा.

लंडनमध्ये वकिलांच्या चार जुन्या संस्था आहेत: लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल आणि ग्रेज इन. तिथे शिकणारे विद्यार्थी आणि ज्येष्ठ सभासद ह्यांच्या बसण्याच्या जागा कठड्याने वेगळ्या केलेल्या असायच्या. विद्यार्थी पुरेसा तयार झाला की त्याला त्या कठड्यापाशी बोलावलं जायचं, तिथे उभं राहून तो सरावाच्या खटल्यात भाग घ्यायचा. ह्यावरून 'कॉल्ड टू द बार' म्हणजे वकिलीची सनद मिळणं. पुढे 1600 नंतर लोक ह्याचा संबंध खऱ्या कोर्टातल्या कठड्याशी लावायला लागले, न्यायाधीशाच्या बाजूचा भाग वेगळा करणारा तो लाकडी कठडा, जिथे वकील उभा राहून बाजू मांडतो आणि आरोपीही तिथेच उभा केला जातो. म्हणून इंग्रजी बातम्यांत 'प्रिझनर ॲट द बार' असं वाचलंत तर तो कैदी कोर्टासमोर उभा आहे, दारू पीत बसलेला नाही.

आता कठडा मागे पडला आणि 'द बार' म्हणजे समस्त वकीलवर्ग. 'बार असोसिएशन' म्हणजे वकिलांची संघटना, 'बार एक्झाम' म्हणजे सनदेची परीक्षा, 'डिसबार' म्हणजे सनद काढून घेणं. आणि समोरच्या बाजूला 'बेंच', म्हणजे न्यायाधीश. एक पक्ष बसण्याच्या बाकावरून ओळखला जातो, दुसरा उभं राहण्याच्या कठड्यावरून.

पार्लमेंटमध्येपण बार असतो असं वाचलं, ते काय?

असतो. ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये सभागृहाची हद्द दाखवणारी जमिनीवरची पांढरी रेघ, तिलाच बार म्हणतात, तिच्या आत सभासद नसलेल्याने कामकाज चालू असताना यायचं नाही. सभागृहाचा अपमान केला म्हणून एखाद्याला तिथपर्यंत बोलावून जाब विचारायची जुनी पद्धत आहे. 1957 मध्ये पेट्रोलच्या रेशनिंगवर छापलेल्या मजकुरावरून जॉन जूनर ह्या संपादकांना तिथे उभं राहून माफी मागावी लागली होती.

'बिहाइंड बार्स' म्हणजे तुरुंगात, पण तिथे नेहमी अनेकवचनच का?

कारण तुरुंगाच्या दाराला एक गज असून भागत नाही, ओळीने असतात. आपण 'गजाआड' म्हणतो, हुबेहूब तेच चित्र, फक्त आपल्याकडे एक गज पुरतो आणि इंग्रजीत 'बार्स' लागतं. 'बिहाइंड द बार' असं एकवचनात म्हटलंत तर अर्थ पार बदलतो, म्हणजे तो माणूस काउंटरच्या पलीकडे उभा राहून पेयं देतोय. एका 'स'ने माणूस जेलमधून नोकरीवर जातो, तेव्हा लिहिताना सांभाळा.

'ए बार ऑफ सोप' म्हणायची काय गरज, नुसतं 'ए सोप' का नाही चालत?

इथे आपल्यापैकी खूप जण अडखळतात. मराठीत साबण मोजता येतो, एक साबण, दोन साबण, त्यात काही गैर नाही. इंग्रजीत मात्र साबण हा पदार्थ धरतात, पाणी किंवा वाळूसारखा, तो मोजायचा तर आधी त्याचा तुकडा ठरवावा लागतो आणि त्या लांबट चौकोनी तुकड्याला बार म्हणतात. आपण 'वडी' म्हणतो तसंच. चॉकलेटचंही तसंच, 'ए बार ऑफ चॉकलेट' म्हणजे पट्टीसारखं मोठं चॉकलेट, आणि 'ए चॉकलेट' म्हटलं तर डब्यातली एखादी छोटी गोळी. म्हणजे इंग्रजीत 'ए चॉकलेट' चालतं पण 'ए सोप' नाही, हे असं का ह्याला तर्क शोधत बसू नका, हे सवयीने येतं.

सोन्याच्या बाबतीत बार म्हणजे वीट किंवा लगड. मोठमोठ्या बँका एकमेकींत ज्या विटांचा व्यवहार करतात त्यातली एकेक साधारण 400 ट्रॉय औंसांची, म्हणजे साडेबारा किलोच्या आसपास असते.

बांधकामातली सळई पण बारच. पहार म्हणजे 'क्रोबार'. शाळेच्या प्रयोगशाळेतला पट्टी चुंबक म्हणजे 'बार मॅग्नेट'. सायकलचं हँडल म्हणजे 'हँडलबार'. हे सगळे सरळसोट अर्थ आहेत, चित्र डोळ्यासमोर असलं की आपोआप कळतात.

'रेज द बार' मध्ये कुठला बार वर करतात?

उंच उडीची आडवी दांडी. खेळाडूने एक उंची पार केली की दांडी अजून वर सरकवतात. म्हणून 'सेट द बार हाय' म्हणजे अपेक्षा मोठ्या ठेवणं आणि 'लोअर द बार' म्हणजे निकष सैल करणं.

व्यायामाच्या जगात बार भरपूर आहेत. सिंगलबार, डबलबार हे शब्द तर आपण मराठीतच वापरतो. स्पर्धेच्या जिम्नॅस्टिक्समध्ये पुरुषांसाठी एक आडवा बार आणि समांतर बारची जोडी, आणि बायकांसाठी 'अनईव्हन बार्स', म्हणजे एक उंच आणि एक ठेंगणा. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत वजनाच्या चकत्या न लावता नुसता बारच पुरुषांचा 20 किलोचा आणि बायकांचा 15 किलोचा असतो, त्यामुळे जिममध्ये नव्याने जाणाऱ्यांनी उचललेलं वजन मोजताना बार धरायला विसरू नका.

हवामानाच्या बातम्यांतला 'मिलिबार' आणि टायरचा 'बार', हा पण दांडाच का?

नाही! हाच तो अपवाद. हा बार दिसायला, लिहायला, बोलायला सारखा पण घराणंच वेगळं. तो ग्रीक 'बारोस' वरून आला, अर्थ वजन, भार. हे नाव नॉर्वेच्या विल्हेल्म ब्येर्कनेस ह्या हवामानशास्त्रज्ञांनी रूढ केलं. ह्याच घराण्यातले बाकीचे शब्द बघा: बॅरोमीटर म्हणजे हवेचा भार मोजणारं यंत्र, आयसोबार म्हणजे नकाशावर सारखा दाब असलेल्या जागा जोडणारी रेघ (रेघ दिसली म्हणून दांड्यातला बार समजू नका, इथेच गफलत होते), बॅरिटोन म्हणजे जड, भारदस्त आवाज, बेरियम हे मूलद्रव्य, आणि लठ्ठपणावर इलाज करणारी बॅरिॲट्रिक शाखा.

आता आकडे. 1 बार म्हणजे 1,00,000 पास्कल (पास्कल हे दाब मोजायचं दुसरं, फार लहान एकक). समुद्रसपाटीला हवेचा प्रमाण दाब 1.01325 बार, म्हणजेच 1013.25 मिलिबार, म्हणून वादळाच्या बातमीत दाब 1000 च्या बराच खाली गेला असं आलं की ते वादळ जोरदार आहे असं समजायचं. हल्ली हवामान खाती 'हेक्टोपास्कल' लिहितात, घाबरू नका, 1 हेक्टोपास्कल म्हणजे बरोबर 1 मिलिबारच. टायरमध्ये हवा भरताना 1 बार म्हणजे साधारण 14.5 पीएसआय, म्हणजे यंत्रावर 2.2 बार दिसलं तर ते 32 पीएसआयच्या जवळपास झालं. समुद्रात खाली उतरणाऱ्यांसाठी हिशोब अजून सोपा, दर 10 मीटर खोलीला जवळजवळ 1 बार दाब वाढतो, म्हणजे 30 मीटरवर शरीरावर पाण्याचा आणि वरच्या हवेचा मिळून 4 बारच्या आसपास दाब असतो. हे आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत, कारण पीएसआयमध्ये किंवा पास्कलमध्ये एवढा सुटसुटीत हिशोब जमत नाही.

संगीतातला बार म्हणजे काय, आणि रॅपवाले 'बार्स' म्हणतात ते तेच का?

पाश्चात्त्य संगीत लिहिताना पाच आडव्या रेघांवर मध्ये मध्ये एक उभी रेघ मारतात, तालाचा एक ठरलेला तुकडा संपला हे दाखवायला. आधी त्या रेघेला बार म्हणायचे, मग दोन रेघांमधल्या तुकड्यालाच बार म्हणायला लागले आणि बिचाऱ्या रेघेला 'बार-लाईन' असं नवीन नाव द्यावं लागलं. दारूच्या काउंटरचं झालं तेच, नाव पुढे सरकलं. अमेरिकेत ह्या तुकड्याला 'मेझर' म्हणायची पद्धत जास्त. ब्लूजमधला 'ट्वेल्व्ह-बार' म्हणजे 12 तुकड्यांचा साचा, तो फिरून फिरून येतो.

रॅपमध्ये साधारण एका बारमध्ये एक ओळ बसते म्हणून ओळीलाच बार म्हणतात, एक कडवं बहुतेक वेळा 16 बारचं. आणि कोणाचं कौतुक करताना नुसतं 'बार्स!' म्हणतात, म्हणजे काय ओळी लिहिल्यात. शब्द आजही वाढतोय ह्याचा हा ताजा पुरावा.

बारकोडमध्ये माहिती काळ्या रेघांत असते का?

काळ्या रेघांत पण आणि पांढऱ्या फटींतपण, दोन्हींची जाडी मोजली जाते. ह्याची कल्पना जोसेफ वुडलँड ह्यांची. त्यांना मोर्स कोड, म्हणजे तारेवर संदेश पाठवायची टिंब-डॅशची लिपी, येत होता, आणि त्यांनी सांगितलेली हकिकत अशी की समुद्रकिनाऱ्यावर वाळूत बसल्या बसल्या बोटांनी मोर्सचे टिंब आणि डॅश खाली ओढले तर बारीक आणि जाड रेघा तयार झाल्या. बर्नार्ड सिल्व्हर ह्यांच्यासोबत त्यांना 1952 मध्ये पेटंट मिळालं, पण रेघा वाचणारं स्वस्त यंत्र यायला बराच काळ गेला. दुकानातली पहिली वस्तू स्कॅन झाली ती 26 जून 1974 ला, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी, आणि ती वस्तू होती च्युइंगमचं पाकीट.

रेघांखालचे आकडे माणसांसाठी असतात. त्यातला शेवटचा आकडा हा पडताळणीचा, बाकीच्या आकड्यांवरून हिशोब करून काढलेला, त्यामुळे मशीनने एखादा आकडा चुकीचा वाचला तर लगेच लक्षात येतं.

बार चार्ट आणि हिस्टोग्राम एकच ना?

नाही, आणि ही चूक परीक्षेत मार्क घालवते. बार चार्टमध्ये वेगवेगळ्या गोष्टींची तुलना असते, देश, वर्ष, वस्तू, म्हणून पट्ट्यांमध्ये फट ठेवतात. हिस्टोग्राममध्ये एकच सलग मोजमाप गटांत विभागलेलं असतं, जसं की उंची किंवा वय, म्हणून पट्ट्या एकमेकींना चिकटून. बार चार्टचं श्रेय विल्यम प्लेफेअर ह्यांना देतात, 1786 मध्ये त्यांनी स्कॉटलंडच्या आयात-निर्यातीचा असा चार्ट छापला. त्यांच्याकडे एकाच वर्षाचे आकडे होते, काळाप्रमाणे चढउतार दाखवणारी रेघ काढता येईना म्हणून प्रत्येक देशासाठी पट्ट्या काढल्या. माहिती अपुरी पडली म्हणून एक कायमची पद्धत तयार झाली.

मोबाईलवर चार बार दाखवतो तरी फोन लागत नाही, असं का?

कारण किती सिग्नलला किती बार दाखवायचे ह्याचा सगळ्या कंपन्यांना बांधून ठेवणारा नियमच नाही, प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. खरी ताकद डीबीएममध्ये मोजतात, आकडा शून्याच्या खाली असतो, उणे 70 हा उणे 110 पेक्षा कितीतरी चांगला. शिवाय सिग्नल चांगला असूनही टॉवरवर गर्दी असेल तर फोन लागत नाही, आणि बार गर्दी दाखवत नाहीत. दोन वेगवेगळ्या फोनांचे बार शेजारी धरून तुलना करू नका.

कॉम्प्युटरवरचे मेनू बार, ॲड्रेस बार, स्क्रोल बार, स्पेस बार हे सगळे लांबट पट्टी ह्या अर्थाचे, त्यात वेगळं सांगण्यासारखं काही नाही.

गणितात अक्षराच्या डोक्यावर रेघ असते त्याला बार का म्हणतात?

रेघ आहे म्हणून, इतकंच. 'एक्स-बार' म्हणजे सरासरी. दशांशात आकड्यावर बार असेल तर तो आकडा पुन्हा पुन्हा येत राहतो. फिजिक्समध्ये 'एच-बार' म्हणजे प्लांकच्या स्थिरांकाला 2 पायने भागून येणारी संख्या. कणाच्या चिन्हावर बार म्हणजे त्याचा प्रतिकण.

समुद्रातला आणि आकाशातला बार?

नदीच्या किंवा खाडीच्या मुखाशी लाटांनी वाळू साचून जी आडवी रांग तयार होते तो 'सँडबार', भूगोलात आपण वाळूचा दांडा म्हणतो. जहाजं त्यावर रुततात, म्हणजे इथे दोन्ही अर्थ एकत्र आले, आकारही दांड्याचा आणि कामही वाट अडवायचं. आकाशातला बार म्हणजे काही सर्पिल दीर्घिकांच्या मधोमध ताऱ्यांचा लांबट पट्टा असतो तो, त्याच्या टोकांपासून भुजा फुटतात. आपली आकाशगंगा त्याच जातीची आहे.

नावापुढे पदक लिहून 'अँड बार' लिहितात, ते काय असतं?

तेच पदक दुसऱ्यांदा मिळालं ह्याची खूण. दुसरं पदक न देता पहिल्याच्या फितीवर धातूची छोटी पट्टी लावतात. ब्रिटनचा व्हिक्टोरिया क्रॉस असा दोनदा मिळालेले आजवर फक्त 3 जण: आर्थर मार्टिन-लीक, नोएल शॅव्हास आणि चार्ल्स अपहॅम. ह्यातले पहिले दोघं सैन्यातले डॉक्टर होते, जखमींना गोळीबारातून बाहेर काढणारे, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

आपला मराठी 'बार' ह्याच्यातूनच आलाय का?

नाही. तोफेचा बार, फुसका बार, लग्नाचा बार उडवणं, तंबाखूचा बार भरणं, ह्यांचा इंग्रजी बारशी संबंध नाही. 'बारबार' मधला बार म्हणजे वेळ, खेप, आपल्या 'वारंवार' मधल्या 'वार'चा भाऊ. उलट इंग्रजीतही 'बार'ने सुरू होणारं सगळं एका घरचं नाही. 'बार्बर' हा लॅटिनमधल्या दाढीवरून आलेला शब्द, आणि 'बार्बेक्यू' कॅरिबियन बेटांवरच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आला.

'बार नन' मध्ये बार म्हणजे काय?

इथे तो 'वगळता' अशा अर्थाने येतो. 'द बेस्ट प्लेअर, बार नन' म्हणजे सगळ्यात भारी खेळाडू, एकालाही न वगळता. क्रियापद म्हणून 'बार' म्हणजे मज्जाव करणं, 'ही वॉज बार्ड फ्रॉम द क्लब' म्हणजे त्याला क्लबमध्ये यायला बंदी केली. कायद्यात 'टाइम-बार्ड' म्हणजे मुदत संपल्यामुळे दावा लावता येत नाही, मराठीत मुदतबाह्य. आणि 'नो होल्ड्स बार्ड' कुस्तीतून आलंय, कुठल्याही डावाला बंदी नाही.

वाक्यात कुठला अर्थ आहे हे पटकन ओळखायचं कसं?

'बार'च्या आजूबाजूचे छोटे शब्द बघा. नंतर 'ऑफ' आणि पदार्थाचं नाव असेल तर वडी किंवा वीट. आधी आकडा असेल आणि गोष्ट हवा, पाणी, वाफ ह्यांची असेल तर दाब. 'टू द बार' च्या आधी 'कॉल्ड' किंवा 'ॲडमिटेड' असेल तर वकिली, आणि 'वेंट' असेल तर बहुतेक प्यायला. 'फ्रॉम' आला तर बंदी. फक्त 'ॲट द बार' जरा फसवं आहे, 'शी स्पेंट टेन इयर्स ॲट द बार' म्हणजे दहा वर्षं वकिली केली आणि 'शी स्पेंट टेन मिनिट्स ॲट द बार' म्हणजे काउंटरपाशी थांबली, तिथे काळ किती दिलाय त्यावरूनच ठरवावं लागतं.